गुळगुळीत मिस्त्रीचं टेबल

पाठीमागे सगळे त्यांना गुळगुळीत मिस्त्री म्हणायचे. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण त्यांच्या हातच्या कपाटात कधी कुणाच्या बाहीचा धागा अडकला नाही. भेग दिसली, खिळ्याचं भोक दिसलं, की भुसा आणि सरस कालवून ते बुजवणार आणि पॉलिशपेपर घेऊन घासत बसणार. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "अहो, ही मागची बाजू आहे, भिंतीला लागणार." मिस्त्री म्हणायचे, "लागू दे. मला ठाऊक आहे ना."

पुढे लोक तयार कपाटं घेऊ लागले आणि मिस्त्री घरी बसले. बसायलाही काहीतरी हवं, म्हणून पाडलेल्या घराची एक चौकट आणि नळाचे जुने पाइप जोडून त्यांनी स्वतःपुरतं एक स्टूल केलं. त्यांच्या भाचीने त्याचा फोटो चार ठिकाणी पाठवला. आठवड्यात अकरा जणांनी तसंच स्टूल मागितलं.

"अगं, भंगार आहे ते," मिस्त्री म्हणाले.

"भंगार नाही मामा, डिझाइन!"

भाचीने एक रिकामं गॅरेज भाड्याने घेतलं आणि मिस्त्री सगळ्यांचेच मामा झाले. कुठलं लाकूड कुठल्या लोखंडावर शोभेल, उंची किती, पाय कसे, हे मामा ठरवायचे. कशाला काय म्हणायचं ते भाची ठरवायची. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मामा दिवसभर भोकं बुजवायचे आणि भाची टोच्याने ती परत उकरायची.

"लोकांना जखमा दिसायला हव्या असतात, मामा."

"मग दवाखान्यात जा म्हणावं."

अशात एक जुनी कचेरी पाडली. मामा तिथलं सामान बघायला गेले. मोठ्या साहेबांच्या केबिनचं दार आतून भुशाचं निघालं. संडासाचं मात्र अस्सल सागवानी, दोन बोटं जाड. मामांनी तेच उचललं. तीनदा धुतलं, रंधा मारला आणि महिनाभर खपून त्याचं जेवणाचं टेबल केलं. पाय जिन्याच्या लोखंडी कठड्याचे. लाकूड आणि लोखंड जिथे भेटत होतं, तिथे केससुद्धा शिरला नसता. इतकं चांगलं काम आपल्या हातून जन्मात झालं नव्हतं, हे त्यांना मनातून कळत होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते नवराबायको. बाई टेबलावर हात फिरवत म्हणाल्या, "किती सुंदर! याला काही इतिहास असेल ना?"

भाची तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "कचेरीच्या संडासाचं दार होतं."

बाईंचा हात चटका बसल्यासारखा वर गेला. दोघं गेल्यावर भाचीने कपाळाला हात लावला. "मामा, यापुढे गिऱ्हाईक आलं की तुम्ही चहा प्यायला जात जा."

पुढच्या वेळी मामा चहा पिऊन आले तर टेबल विकलं गेलेलं!

"काय सांगितलंस?"

"खरं तेच. राज्यकारभाराच्या इमारतीतलं दार. रोज शंभर माणसांचे हात लागलेलं."

मामांनी बराच विचार केला. यात खोटं कुठे आहे, ते काही सापडेना.

दोन महिन्यांनी त्या गिऱ्हाइकाचा फोन आला, टेबल डुगडुगतंय. मामा पोचले तेव्हा पाहुणे जेवायला बसलेले. "उठू नका कुणी, मिस्त्री खालून बघतील," यजमान म्हणाले. मामा टेबलाखाली शिरले. दोष पायाचा नव्हता, फरशी खचली होती. तेवढ्यात वरून यजमानांचा आवाज आला, "राजवाड्याचं दार आहे हे. दरबाराचं!"

एक म्हातारे पाहुणे खाली वाकले. "काय मिस्त्री, खरंच राजाचं का हो?"

यजमानांच्या पायांची बोटं सपातांच्या आत आखडली. मामांच्या तोंडात खरं उत्तर तयार होतं. पण भरल्या ताटावरून माणसांना उठवणं त्यांच्या जिवावर आलं.

"राजाचं म्हणायला हरकत नाही," ते सावकाश म्हणाले. "त्या दारातून राजालासुद्धा पायीच जावं लागतं. दुसऱ्याला पाठवून भागत नाही."

"बघा! केवढा मान त्या दाराचा!" म्हातारबुवा म्हणाले, आणि पुन्हा ताटाकडे वळले.

मामांनी पायाखाली पत्र्याची चकती सरकवली आणि बाहेर आले. टेबलावर भरजरी कापड अंथरलं होतं. लाकूड-लोखंडाचा तो सांधा कुणाच्याच नजरेला पडत नव्हता. मामांना वाईट वाटलं ते तेवढ्याचंच.

त्या एका जेवणावळीने पाच टेबलांचं काम मिळवून दिलं. हात सैल झाल्यावर मामींनी नवाकोरा, चकचकीत सोफा घरात आणला. "तुमचं भंगार तुमच्या गिऱ्हाइकांना लखलाभ," त्या म्हणाल्या. त्यावरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलेलं नाही.

मामा रोज कामावरून येऊन त्यावर बसतात. जरा घसरायला होतं, पण मऊ आहे, हे त्यांना कबूल करावंच लागतं.