सिग्नल बघणारी भुसावळला गेली

आमच्या घरात सिग्नल बघायचं काम बायकोकडे होतं.

स्कूटर चालवायचो मी. नंबर लावून विसरून गेल्यावर कधीतरी ती मिळाली, आणि मी चाळिशीत गाडी शिकलो. वर बघितलं की गिअर चुकायचा, गिअरकडे बघितलं की म्हैस आडवी यायची! शेवटी हिनंच तोडगा काढला. "तुम्ही गिअर सांभाळा, मी रस्ता बघते." तेव्हापासून एकलहऱ्याच्या कॉलनीतून नाशकात बाजाराला निघालो की मागून सुरूच. "अहो, खड्डा! द्वारका आली, हळू. थांबा, लाल झालाय! आता चला की, हिरवा झाला, झोपलात का?" मधल्या वेळात शेजारणीच्या सुनेचे प्रताप आणि मेथीचे भाव. मी वैतागायचो. पण इतक्या वर्षांत पोलिसानं एकदाही अडवलं नव्हतं, आणि त्याचं सगळं श्रेय मी स्वतःच्या ड्रायव्हिंगला देत होतो!

मग आमच्या लेकीला दिवस गेले. बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, म्हणून माहेरच उठून भुसावळला गेलं. माहेर म्हणजे ही. मी पॉवर हाऊसमधला कारकून, रजा आधीच उडवलेल्या. मी आणि स्कूटर मागे राहिलो.

घर अक्षरशः खायला उठलं. मी दोन कप चहा करायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. (दुसरा नेहमी गार.) कुकरची शिट्टी झाली तरी कोणीतरी बोललं म्हणून बरं वाटायचं. एका रविवारी काही काम नसताना, नुसती माणसं दिसावीत म्हणून नाशकात निघालो. द्वारकेच्या चौकात मागून "थांबा" आलं नाही, म्हणून मी थांबलो नाही.

शिट्टी वाजली. निफाडकडचा एक दांडगा हवालदार समोर उभा.

"ओ काका! लाल दिवा दिसला नाय का?"

"नाही."

"डोळे हायेत ना?"

"आहेत हो. पण सिग्नल आमची मंडळी बघते."

त्यानं वाकून मागच्या सीटकडे पाहिलं. तिथं भाजीची रिकामी पिशवी होती.

"कुठं हाय मंडळी?"

"भुसावळला."

त्यानं माझ्या तोंडाचा वास घेतला. "पिलेला बी नाय!" तो निराश होऊन म्हणाला, आणि लायसन ठेवून घेऊन त्यानं मला पावती आणि कोर्टाची तारीख दिली.

त्या तारखेला मी कोर्टात निघालो तो थेट 'प्रवेश बंद'च्या गल्लीतून! (पाट्या वाचणं हेही तिच्याच खात्यात होतं.) समोरून टांगा, मागून हातगाडी, मध्ये मी, आणि टोकाला पुन्हा तोच हवालदार. त्यानं कपाळावर हात मारला. "काका, आधीची केस तर मिटू द्या!"

कोर्टात शिपायानं वडिलांच्या नावासकट माझं नाव पुकारलं. खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला. ही गेल्यापासून मला कोणी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती.

"दोन्ही गुन्हे कबूल?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

"कबूल साहेब. पण सिग्नलचं खातं बायकोकडे आहे, आणि ती भुसावळला."

"मग तिनं काय तिथून कंदील दाखवायचा?"

सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो. चारचौघांत हसायला मिळालं, दंड वसूल झाला असं वाटलं! पण साहेब हसत नव्हते. "दंड भरा आणि लायसन परत घ्या. पुन्हा इथं दिसलात तर मात्र ते जाईल. समजलं?"

समजलं. लायसन गेलं तर रविवारची माणसंही गेली. मग मी एकट्यानं सराव सुरू केला. सिग्नल आला की हिच्याच आवाजात मोठ्यानं म्हणायचो, "अहो, थांबा! लाल झालाय!" आणि स्वतःच उत्तर द्यायचो, "हो गं, दिसतंय." शेजारचा सायकलवाला लगबगीनं सायकल पलीकडे घ्यायचा. पण जमलं. मला सिग्नल दिसायला लागला!

नातवाचं बारसं उरकून ही परतली. पहिल्याच रविवारी तिला मागे बसवून ऐटीत निघालो. द्वारकेला लाल दिवा. तिनं तोंड उघडायच्या आत मी गाडी उभी केली!

"तुम्हाला दिसलं?"

"दिसलं म्हणजे काय! आता सगळं दिसतं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि गप्प बसली. खड्डे आले, गेले. मेथी नाही, शेजारीण नाही. बाजार झाला, परतीला निघालो, तरी अवाक्षर नाही. ती माझ्या मागे बसली होती आणि मला वाटत होतं, ही अजून भुसावळलाच आहे.

पुन्हा द्वारका. पुन्हा लाल. मला स्वच्छ दिसत होता. पण मी ठरवलं, ही बोलेपर्यंत ब्रेक लावायचा नाही. आता बोलेल... आता बोलेल... गाडी मुंगीच्या पावलानं पुढं, पुढं, आणि बरोबर चौकाच्या मध्यावर!

शिट्टी वाजली.

"काका," हवालदार जवळजवळ रडकुंडीला आला होता, "आता तर मंडळी बी संगं हाय!"

"अहो, दिसतंय म्हणालात ना!" ही मागून कडाडली, आणि मग जी सुरू झाली ती चौकीपर्यंत थांबली नाही. मी तृप्त होऊन ऐकत होतो.

कोर्टानं सहा महिन्यांसाठी लायसन काढून घेतलं. आता आम्ही बाजाराला बसनं जातो. ही ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा पकडते आणि द्वारका आली की ओरडते, "अहो, थांबा, लाल झालाय!"

परवा ड्रायव्हर चिडला. "मावशी, दिसतंय मला!"

मी घाईघाईनं पुढं वाकलो आणि त्याच्या कानात म्हणालो, "दिसलं तरी दिसतंय म्हणू नका हो. माझं लायसन त्यातच गेलं!"