कोकोला दिलेला ताण

माझ्या थापांनी आजवर वठलेल्या झाडांनाही पालवी फुटली आहे. एकच झाड थापेने मेलं, आणि ते बघायला मला रत्नागिरीहून थेट जालना जिल्ह्यात जावं लागलं.

मे महिन्यात दाजींचं पत्र आलं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, वडीगोद्रीजवळचे मोसंबीवाले. मजकूर एवढाच : "तुझं झाड यंदा फळावर आणतो. आक्का ऑपरेशनला न्हाई म्हणते. तू ये." तिसऱ्या मिनिटाला मी एसटीत होतो. बरं, तिसऱ्या दिवशी, पण पळत.

चार वर्षांपूर्वी सुपारीच्या बागेतलं कोकोचं रोप मीच डब्यात घालून आक्काला दिलं होतं. तिच्या ओसरीवर माणसं जमली आणि माझी जीभ सुटली. याचं फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं, हे खरं होतं. बिया आंबवून, वाळवून, भाजून चॉकलेट करतात, हेही खरं. त्या बियांचं लोणी टाचांच्या भेगांना लावतात, तेही. तिथे थांबलो असतो तर! पण लोक आ वासून ऐकत होते. "आमच्याकडे एका म्हाताऱ्याचं काळीज बंद पडलं. चिमूटभर कोकोची पूड चाटवली, तर गडी उठला आणि माडावर चढला!" सगळे खदखदून हसले. आक्का हसली नाही. तिच्या काळजाची झडप तेव्हाच कुरकुरत होती, हे मला ठाऊक नव्हतं.

औरंगाबादहून बीडच्या बसमध्ये शिरलो तेव्हा माझी एक चप्पल बाहेरच राहिली. वारा असा तापलेला, की शेजारणीच्या मांडीवरच्या कोंबडीने अंडं घातलं असतं तर उकडलेलंच निघालं असतं. वडीगोद्रीला एका पायाने लंगडत उतरलो. चहावाल्याने विचारलं, "कोणाकडं, पावणं?"

मी दाजींचं नाव सांगितलं.

"मंग चॉकलेटाच्या झाडाकडं म्हणा की! नारळ घेतला का? समद्या खोडाला कुंकू हाय त्याच्या."

बागेत मोसंबीची झाडं पानं आवळून उभी होती. इकडे बहरासाठी झाडाला ताण देतात (काही आठवडे पाणी तोडून झाड तहानलेलं ठेवतात). मग पाणी सोडलं की फुलांनी लगडतं. मधोमध पोत्यांच्या आडोशात माझं कोको होतं. माझ्या उंचीचं, आणि अंगावर पान नाही.

"बराबर दीड महिना पाणी तोडलंय," दाजी खुशीत म्हणाले. "आता सोडलं की बघ कसं फुटतंय!"

चार उन्हाळे या माणसाने बुंध्याशी माठ पुरून, ओली पोती गुंडाळून ते जगवलं होतं. आणि आता फळ पाहिजे म्हणून, मोसंबीला देतात तसा, मोठ्या मायेने ताण दिला होता.

मी नखाने साल खरवडली. आत काथ्यासारखं कोरडं. खाली खरवडली, बुंध्याशी खरवडली. हिरवा ठिपका नाही. दाजी माझ्या नखाकडे बघत राहिले.

"कोकोला ताण चालत नाही, दाजी. त्याला बारा महिने ओल लागते."

"हे न्हाई सांगितलंस तू," ते हळू म्हणाले. "बाकी समदं सांगितलंस."

घरी आक्काने भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) वाढली. चुलीपासून पाटापर्यंत चार पावलं. त्यात ती दोनदा थांबली.

"फुटंल ना रे?"

"आक्का, झाड मेलं. आणि फुटलं असतं तरी उपयोग नव्हता. काळजाचं मी ठोकून दिलं होतं."

ती हसली. "मला वाईट वाटू नये म्हून आता औषधच न्हवतं म्हणतोस व्हय? गुणाचा हायस रे."

"आईशप्पथ खोटं होतं! असा म्हातारा नव्हताच!"

"नाव सांगितलं व्हतंस त्याचं. गावबी सांगितलं व्हतंस."

सांगितलं होतं. दोन मुलींची लग्नंही लावून दिली होती मी त्याच्या.

"औरंगाबादला चल. उद्याच."

"छाती फाडून घ्यायला? बिलकुल न्हाई. तू दुसरं रोप आन. चार वर्सं काढते मी कशीबी."

दाजी ताटावरून उठले. तीन दिवस मी विनवण्या केल्या, रडलो, भांडलो. आयुष्यभर ज्याने राईचा पर्वत केला, त्याच्या तोंडून निघालेलं एक साधं खरं वाक्य माझी सख्खी बहीण घेईना. दाजी म्हणाले, "तुझं न्हाई ऐकत, तर माझं काय ऐकंल?"

परतीच्या बसमध्ये शेजाऱ्याने विचारलं, "डब्यात काय हाय?"

पूर्वी त्यातून वाघाचं पिल्लू तरी निघालं असतं.

"रिकामा आहे," मी म्हणालो.

त्याने डोळा मिचकावला. "सांगायचं नसंल तर नका सांगू."

तोच जुना डबा. आक्काने राखेने घासून दिला होता, आणि तळाला खिळ्याने नवी भोकं पाडली होती. पाणी साचून रोप कुजू नये म्हणून.