सुभेदार काही सोडेना

आमचा सुभेदार आजवर एकाही माणसाला चावलेला नाही. तो फक्त धरून ठेवतो.

सुभेदार म्हणजे आमचा जर्मन शेफर्ड. वजन अडतीस किलो, त्यातले चारेक किलो आईच्या हातच्या साजूक तुपाचे. नाव वडिलांनी ठेवलं. वडील गेल्यापासून दुपारच्या वेळी आई त्याच्याशी गप्पा मारते, आणि तो माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतो (हे आईचं मत, पण खरं आहे).

गेल्या वर्षी एका सकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवरेसाहेब कसल्याशा नोटिशीवर सही घ्यायला आले. मी दार उघडलं. त्यांनी कागद पुढे केला आणि सुभेदाराने त्यांच्या स्वेटरची बाही धरली. दात कुठेही लागले नाहीत. फक्त बाही त्याच्या तोंडात आणि देवरेसाहेब बाहीत.

"सोड," मी म्हणालो.

सुभेदाराने शेपटी हलवली.

"सोड. सोड म्हणतो ना? सुभेदार, सोड."

"काय चाललंय हे?" देवरेसाहेब म्हणाले. "अहो, विणलेला स्वेटर आहे. सुटतोय तो."

बाही कोपरापासून गुडघ्यापर्यंत लांबली, तेव्हा कुठे माझ्या बाराव्या 'सोड'ला सुभेदाराने तोंड उघडलं. (नेमकं तेव्हाच आई ट्रे घेऊन बाहेर आली होती आणि म्हणाली होती, "देवरेभाऊ, आलाच आहात तर चहा घ्या." ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा. मी ठेवली नव्हती.)

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग भरली. विषय एकच. देवरेसाहेब लांब बाहीचा पुरावा घालूनच आले होते.

"कुत्रा वाईट आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण तो तुमचं ऐकत नाही. ऐकतो असं कुठल्यातरी जाणकाराचं सर्टिफिकेट आणा. नाहीतर त्याची दुसरीकडे सोय करा."

दुसरीकडे म्हणजे चांदवडला, मामाकडे. मामाला फोन केला तर तो खूशच झाला. "आणून सोड इकडं. लय जागा हाय. कांद्याच्या चाळीला राखण होईल." आई फोनजवळच उभी होती. त्या रात्री तिने सुभेदाराच्या भाकरीला नेहमीपेक्षा दुप्पट तूप लावलं आणि स्वतः जेवली नाही. मलाही तो जायला नको होता. वडिलांची एवढी एकच चालतीबोलती वस्तू घरात उरली होती.

तेव्हा मी शिंदेसरांकडे गेलो. गंगापूर रोडला ते राखणीच्या कुत्र्यांना स्पर्धेसाठी तयार करतात. त्यांनी सांगितलेली स्पर्धा ऐकायला सोपी होती. मैदानात आडोसे असतात. एकामागे चोर लपलेला असतो. कुत्र्याने तो शोधायचा, भुंकायचं. चोर पळाला की त्याच्या हातावरची जाड गोणपाटाची बाही धरायची. आणि मालकाने सांगितलं की त्या क्षणी सोडायची. असं दोनदा. पास झाला की सर्टिफिकेट.

"धरणं कुठल्याही कुत्र्याला येतं," शिंदेसर म्हणाले. "खरी परीक्षा सोडण्याची. प्रत्येक वेळी दोन आज्ञा मिळतील. पहिलीला सोडलं तर पूर्ण गुण. दुसरीला सोडलं तर अर्धे. तिसरी द्यावी लागली तर बाद."

मी मनात हिशेब केला. आपण बारावर आहोत.

सरांनी बाही उसनी दिली आणि घरी सराव करायला सांगितलं. प्रश्न होता चोराचा. सोसायटीतल्या सगळ्यांना अचानक पाठीचे, मानेचे, गुडघ्याचे आजार निघाले. शेवटी तयार झाले ते माझ्या बहिणीचे यजमान, प्रकाशराव. ओझरला विमानाच्या कारखान्यात आहेत, तब्येतीने दणकट आणि स्वभावाने गरीब. दर रविवारी सकाळी ते ओझरहून यायचे आणि पार्किंगमध्ये चोर व्हायचे.

आईला हे अजिबात पटलं नाही.

"घरच्या जावयाला चोर करतोस?"

"आई, खोटा चोर."

"खोटा असला तरी जावई आहे. अंगावर कुत्रं सोडायचं आणि तसंच पाठवायचं? लोक काय म्हणतील?"

मग तडजोड झाली. प्रकाशरावांना 'चोर' म्हणायचं नाही. त्यांच्यावर ओरडायचं नाही. आणि धरून झालं की ताबडतोब चहा. त्यामुळे आमचा सराव साधारण असा चाले. मी सुभेदाराचा पट्टा हातात घेऊन अदबीने विचारायचो, "प्रकाशराव, धरू का?" ते म्हणायचे, "धरा, धरा." सुभेदार सुटायचा, बाही धरायचा, प्रकाशराव पार्किंगभर फरपटायचे. मी 'सोड, सोड' म्हणत मागे धावायचो. तेवढ्यात आई ट्रे घेऊन जिन्यावरून खाली यायची, किंचित वाकायची आणि म्हणायची, "जावईबापू, चहा घ्या." सुभेदार सोडायचा. प्रकाशराव खुर्चीत बसायचे. ट्रेमधली एक खारी त्यांना, एक सुभेदाराला.

असे आठ महिने. मी डायरी ठेवली होती. तिच्यात दर रविवारी लिहिलेलं आहे, 'आज्ञेवर सोडलं. प्रगती समाधानकारक.'

माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते. एकदा डायरी चाळून ती म्हणाली, "कुणाच्या आज्ञेवर, ते लिहायचं राहिलंय." मला वाटलं, मत्सर.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सगळे मैदानावर हजर. द्राक्षबागांच्या कडेला मोठं मैदान, दोरी बांधलेली, बाजूला मांडव. देवरेसाहेब स्वतः पाहायला आले होते. या वेळी त्यांनी बिनबाह्यांचा स्वेटर घातला होता. आई मोठा थर्मास, स्टीलचा ट्रे आणि दोन पुडे खारी घेऊन मांडवात त्यांच्या शेजारीच बसली. बाहेरगावचे स्पर्धक काळे गॉगल लावून आले होते. ते कुत्र्यांशी जर्मनमध्ये बोलत आणि एकमेकांशी मराठीत.

"त्या बिचाऱ्यांना मराठी शिकवलं नाही का कोणी?" आईने विचारलं.

आमचा नंबर आला. पंच उंच, मिशीवाले, चेहऱ्यावरची माशी न हलणारे. चोर झालेला माणूस प्रकाशरावांच्या दीडपट. सुभेदाराने तिसऱ्याच आडोशामागे त्याला गाठलं आणि असा खणखणीत भुंकला की मांडवात टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली. मी जाऊन त्याचा पट्टा धरला. आता चोर पळणार, मी कुत्रा सोडणार. आणि आठ महिन्यांच्या सवयीने मी त्या परक्या चोराला विचारलं, "धरू का?"

तो गोंधळला. "मला विचारताय?"

"धरा हो," पंच म्हणाले.

सुभेदार सुटला. त्याने बाही अशी धरली की तो दीडपट माणूस गर्रकन फिरला. फोटो काढणाऱ्यांची धावपळ झाली. मग पंचांनी मला खूण केली.

"सोड."

सुभेदाराने पकड आणखी घट्ट केली.

"सोड!"

दोन झाल्या. मैदान शांत. तिसरी दिली की बाद, आणि दिली नाही तर हा माणूस संध्याकाळपर्यंत असाच. माझ्या डोळ्यांसमोर चांदवडची कांद्याची चाळ उभी राहिली. त्या शांततेत मांडवातून आईचा खडा आवाज आला, "देवरेभाऊ, चहा घ्या."

सुभेदाराने बाही सोडली. नुसती सोडली नाही, चोराच्या पायाशी नीट बसला आणि मांडवाकडे तोंड करून जिभल्या चाटायला लागला.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पंचांनी वाजवल्या नाहीत. ते ताडताड मांडवाकडे गेले.

"आत्ता कोण बोललं?"

"मी," आई म्हणाली. "तुम्हीपण घ्या ना. आलं घातलंय."

"आजी, मैदानाबाहेरून मदत चालत नाही. या भागाचे गुण शून्य. पुन्हा तोंडातून शब्द काढलात तर कुत्रा बाद."

आईने पदर तोंडावर धरला. तिच्या आयुष्यातली ही सर्वांत कठीण परीक्षा होती हे मी खात्रीने सांगतो.

मी दोरीजवळ येऊन उभा राहिलो. पलीकडे प्रकाशराव होते.

"दादा," ते हळूच म्हणाले, "तो 'सोड'ला सोडत नाही."

"मग?"

"आईंनी चहा घ्या म्हटलं की सोडतो. पहिल्यापासून."

"आठ महिने तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला वाटलं, तुम्हीच तसं शिकवलंय. शिवाय माझा हात त्याच्या तोंडात. मी कशाला मध्ये बोलू?"

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि तो नेमका कोणावर काढावा हेही कळेना. जावयावर तर काढता येत नाही. तेवढ्यात पंचांनी पुकारलं. दुसरा भाग. यात जमलं तर काठावर पास, नाहीतर मामा सोमवारी पिकअप घेऊन येणारच होता.

चोर लांबून आरडाओरडा करत अंगावर धावून आला. सुभेदार बाणासारखा गेला आणि लटकला. पंचांनी खूण केली. दोनेकशे माणसं, काळे गॉगल, देवरेसाहेब, सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाय जुळवले, लष्करी आवाज काढला आणि ओरडलो, "चहा घ्या!"

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. सुभेदाराने बाही न सोडता डोळे तिरके करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. हात रिकामे होते. त्याने डोळे मिटले आणि पकड बदलून आणखी खोल धरलं.

एक आज्ञा गेली. एकच उरली. मांडवात आईने पदर दातांत धरून दोन्ही हात पुढे केले, जणू काहीतरी धरलंय असे. मला कळलं. (बाहेरून मदत नको म्हणताना पंचांनी शब्दांचंच सांगितलं होतं.) मी डोक्यावरची टोपी काढली, उलटी करून दोन्ही तळव्यांवर ठेवली, कमरेत किंचित वाकलो आणि आईच्या सुरात, शक्य तितक्या गोड आवाजात त्या घामाघूम दीडपट माणसाला म्हणालो, "जावईबापू, चहा घ्या."

सुभेदाराने ताबडतोब सोडलं आणि तो खाली बसला.

"बिनसाखरेचा," चोर धापा टाकत म्हणाला.

पंच बराच वेळ माझ्या टोपीत बघत राहिले. मग शिंदेसरांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले, नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं. शेवटी माझ्याकडे आले.

"आज्ञा कोणत्या शब्दांत द्यावी याला नियम नाही. टोपी चालते असं लिहिलेलं नाही. चालत नाही असंही लिहिलेलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आलं घातलंय म्हणाल्या ना त्या?"

आम्ही काठावर पास झालो. शाळेपासूनची माझी परंपरा सुभेदाराने राखली. मांडवात आई रडत होती आणि रडत रडत सगळ्यांना खारी वाटत होती. मलाही भरून आलं. मी सुभेदाराला मिठी मारली. त्याने टोपीत तोंड घालून खारी शोधली आणि न मिळाल्याने टोपी धरून ठेवली.

देवरेसाहेबांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं. त्यात 'सोडण्याची आज्ञा' या रकान्यात पंचांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'चहा घ्या (वाकून)'. देवरेसाहेबांनी ते मान्य केलं. माणूस शब्दाचा पक्का. शिवाय दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी नोटीस लावली, 'सुभेदाराने धरल्यास रहिवाशांनी घाबरू नये. चहा घ्या असे म्हणावे.'

तेव्हापासून सोसायटीतले लोक खात्री करून घ्यायला येतात. बाही पुढे करतात, सुभेदार धरतो, ते वाकून म्हणतात, तो सोडतो. सगळे खूश. पण मग तो खारीची वाट बघत बसतो, आणि आलेला माणूसही चहाची वाट बघत बसतो. पहिला आठवडाभर आईने केला. मग म्हणाली, "माझे गुडघे दुखतात. स्पर्धा तू जिंकलास, चहा तू कर."

आयुष्यात पहिल्यांदा मी चहा करायला शिकलो. आता पाहुणा आला की सुभेदार त्याला खुर्चीपर्यंत नेतो, बसवतो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून एकदाच भुंकतो. मी लगेच ट्रे घेऊन बाहेर येतो, किंचित वाकतो. दुसऱ्यांदा भुंकायची वेळ त्याच्यावर मी अजून एकदाही आणलेली नाही. सुनंदाने माझ्या त्याच डायरीत लिहून ठेवलंय, 'पहिल्याच आज्ञेला ऐकतो. पूर्ण गुण.'