परत घेतलेली कथा

"मग?" हा एकच मराठी शब्द त्यांना येत होता, तोही माझ्याकडून उचललेला. इथं परदेशात, क्लेमेंटी नावाच्या भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या राहायच्या. कॅनडातल्या कुठल्याशा थंडगार गावच्या, साठी उलटलेल्या, जवळच्या युनिव्हर्सिटीत आठवड्यातून दोनदा कथालेखन शिकवणाऱ्या. लिफ्टची वाट बघताना मी काही सांगू लागले की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मग?" लिफ्ट येऊन निघून जायची.

तुम्ही एखादा लेखक जवळून पाहिला असेल, तर त्याची ऐटही पाहिली असेल. बाईंकडे ती नव्हती. त्यांचे दोन कथासंग्रह निघाले होते. पहिल्याचं कौतुक झालं. दुसरा आला त्याच वर्षी प्रकाशक बंद पडला. मधली वर्षं त्यांनी एका शाळेच्या ग्रंथालयात काढली. पहाटे लिहायचं, मग कामावर जायचं. एकेक कथा दोन-दोन वर्षं चालायची. माझी लेक इथल्या मुलांच्या बोलीत म्हणायची, "आंटी सो स्लो, लाह!"

"खरंय," त्या हसायच्या, "कासवंसुद्धा मला ओव्हरटेक करतात."

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पिताना मी त्यांना असं काही सांगून बसले, जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाबा साताऱ्याला हॉस्पिटलमध्ये होते. इथं ऑफिसात नवी सिस्टीम सुरू व्हायची होती. मी फोनवर म्हणाले, "बाबा, तिकीट काढलंय. शनिवारी येते." काढलं नव्हतं. गुरुवारी ते गेले.

त्या दिवशी बाई "मग?" म्हणाल्या नाहीत.

वर्षभरानं टाइप केलेली पानं घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. "एका मोठ्या मासिकानं घेतलीय. पण आधी तू वाच."

गाव कॅनडातलं होतं, मुलगी कोळ्याची होती. फोनवरचं खोटं मात्र माझंच. मी पानं खाली ठेवली.

"ही माझी गोष्ट आहे."

"हो."

"नका छापू."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी पानं गोळा केली आणि दुसऱ्या दिवशी मासिकाला कळवून कथा परत घेतली.

त्याच मासिकानं त्यांच्या कथा वर्षानुवर्षं नाकारल्या होत्या, हे मला पुढे त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं. बाईंनी वागण्यात तसूभर फरक पडू दिला नाही. लिफ्टपाशी पिशवी खाली ठेवतच राहिल्या. नजर मीच चुकवायची.

शेवटी एका रविवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, पुढ्यातला डोसा गार होत असताना, मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो माझा हात धरून बसला. परत आल्यावर मी आमच्या घरात न शिरता समोरची बेल वाजवली.

"छापा."

"नक्की?"

"नक्की."

मासिकाला ती कथा आता नको होती. तिसऱ्या संग्रहात ती आली, तोवर युनिव्हर्सिटीतली मुदत संपून बाई मायदेशी परतल्या होत्या. पुस्तक टपालानं आलं. मी ती कथा तोंडीच मराठीत करत आईला फोनवर वाचून दाखवली.

"तुझ्या बाबांना कळलं होतं गं," आई म्हणाली. "फोन ठेवल्यावर मला म्हणाले, 'तिकीट काढलेलं नाहीये तिनं. पण येते म्हणाली, बरं वाटलं.'"

मी ते जसंच्या तसं बाईंना लिहून पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "हे ठाऊक असतं, तर माझी कथा कितीतरी चांगली झाली असती. पण हे मी लिहिणार नाही. हे तुझं."