कॉर्नर त्यांचा होता

सई आणि अनय, तुमचे आजोबा गेले त्याला आता महिना होत आला. दुपारी जेवून आडवे झाले आणि चहाच्या वेळी उठलेच नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते आज लिहायला बसले आहे, कारण परवा फोनवर सईने मला विचारलं, "आजी, आजोबांमुळे टीमचं वर्ष वाया गेलं होतं का गं?" आपल्याकडच्या फुटबॉल क्लबने इंटरनेटवरच्या आपल्या पानावर आजोबांचा फोटो टाकला होता. गोलच्या जाळीमागे टोपी घालून उभे असलेले आजोबा. खाली पुष्कळांनी हात जोडले होते आणि कुणी एकाने लिहिलं होतं, 'याच म्हाताऱ्याने आपलं एक वर्ष घालवलं.' तुमच्या बाबाने ते वाचून दाखवलं आणि मग घाईने विषय बदलला. विषय बदलायचं कारण नाही. ते खरं आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गोष्ट मधूनच सांगितलेली मला चालत नाही. सुरुवातीपासून सांगते. बाबा वाचून दाखवेल.

आपल्या मालाडच्या घरामागे, खाडीच्या बाजूला, महापालिकेचं एक मैदान आहे. तुम्ही लहान असताना तिथे पतंग उडवला होता, आठवतो का? मैदान संपतं तिथे तारेचं कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे लगेच तिवरांचं रान आणि चिखल. भरतीला पाणी पार तारेपर्यंत येतं. थंडीच्या दिवसांत पहाटे खाडीवरून धुकं सरकत यायचं आणि मैदान जमिनीवर नसून पाण्यावर तरंगतं आहे असं वाटायचं. मी आता डोळे मिटते तेव्हा तेच दिसतं... गोलचे दोन खांब धुक्यात अर्धे बुडालेले, आणि त्यांच्यामध्ये बगळे उभे, जणू तेच खेळायला आले आहेत.

आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि रोज सकाळी तिथे फेऱ्या मारू लागले. त्याच सुमारास तो क्लब तिथे सरावाला यायला लागला. क्लब अगदी कोवळा होता. चार-पाच नोकरदार मित्रांनी मिळून काढलेला. पण मुलांना पगार द्यायचा, खेळ हीच त्यांची नोकरी असं मानायचं, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवलेलं. मुलं कुठून कुठून आली होती. मिझोरामचा लाला होता, केरळचे दोघे भाऊ होते, आणि आपल्या वाकोल्याच्या गावठाणातला रॉनी. रॉनी गोलकीपर. उंच, तोंडाने फटकळ, आणि गोलमध्ये उभा राहिला की त्याचे हात दाराच्या कडीसारखे वाटायचे.

एके दिवशी चेंडू कुंपणापलीकडे गेला. आजोबा तिथूनच चालले होते. तारेतल्या भगदाडातून वाकून पलीकडे गेले आणि चेंडू घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याभरात ते फेऱ्या मारायचे सोडून गोलमागेच उभे राहू लागले. "आजोबा, बॉल!" अशी हाक आली की निघाले. लाला त्यांना नुसतं "आजो" म्हणायचा. मी म्हणायचे, "अहो, एवढ्या लोकांचे साहेब होतात, आता पोरांचे चेंडू आणता?" तर म्हणायचे, "अगं, चेंडू गेला की सगळे थांबून एकाच दिशेला बघतात. मी आलो की पुन्हा खेळ सुरू. एवढं महत्त्वाचं काम मला खात्यात कधी मिळालं नव्हतं." एकदा धुक्यात ते एका पांढऱ्या ठिपक्याकडे बरंच आत चिखलातून गेले, वाकले, आणि तो ठिपका पंख पसरून उडून गेला. रॉनी गोलमध्ये अक्षरशः लोळला. "आजोबा, ऑफसाइड!" त्यानंतर कितीतरी दिवस बगळा दिसला की टीम ओरडायची, "आजोबा, बॉल!"

मग क्लब वाढत गेला. ते कसं झालं हे मला नीट सांगता येत नाही, झाड कधी वाढलं ते जसं सांगता येत नाही तसं. आधी जर्सीवर एका कंपनीचं नाव आलं. मग बांबूचे बाक आले. मढचे कोळी तरुण ढोल घेऊन यायला लागले, कॉलेजच्या मुली गालांवर क्लबचा समुद्री हिरवा रंग लावून यायला लागल्या. सामन्याच्या दिवशी आपल्या इमारतीच्या गच्चीवर माणसं उभी राहायची. दोन मोसमांत क्लब एवढा वर आला की शेवटचा सामना जिंकला तर लीगच्या वरच्या विभागात जाणार होता. मोठं स्टेडियम, टीव्हीवर सामने, मुलांना दुप्पट पगार. तो शेवटचा सामना आपल्याच मैदानावर होता.

त्या सकाळी टीमचा मॅनेजर आजोबांपाशी आला. मी डबा द्यायला गेले होते, शेजारीच उभी होते. म्हणाला, "आजोबा, आज आपण पुढे असलो ना, तर शेवटी बॉल जरा आरामात आणा हां. सगळेच करतात." आजोबा म्हणाले, "मी रोज आणतो तसाच आणेन." तो हसला. त्याला ती गंमत वाटली. मला ठाऊक होतं की ती गंमत नव्हती, पण मीही हसले.

लालाने गोल केला आणि आपण एक-शून्यने पुढे होतो. सामना संपत आला तसे जादा चेंडू एकेक करून पिशवीत जायला लागले, ते काही आपोआप जात नव्हते. एकच चेंडू उरला. आणि तो आपल्याच एका मुलाच्या पायाला लागून, गोलच्या बाजूने बाहेर, कुंपणातून पलीकडे गेला. कॉर्नर त्यांचा, म्हणजे कोपऱ्यातून मारायची किक समोरच्या टीमची. आपली मुलं श्वास घेत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रॉनी हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा बांधायला लागला. ढोल वाजत होता. भरतीची वेळ होती, चेंडू पाण्यावर हळूहळू लांब चालला होता... आणि तुमचे आजोबा धावले. गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी तो धरला, भगदाडातून आले आणि सरळ कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभ्या असलेल्या समोरच्या टीमच्या खेळाडूच्या हातात दिला. त्याने ठेवला आणि मारला. रॉनीने मान वर केली तेव्हा चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळीत जात होता.

ढोल थांबला. इतकी शांतता मी त्या मैदानावर फक्त पहाटेच ऐकली होती.

एक-एक. क्लब वर गेला नाही. कपडे बदलायच्या पत्र्याच्या शेडबाहेर रॉनी आजोबांसमोर येऊन उभा राहिला. रडत नव्हता, पण आवाज फाटला होता. "आजोबा, तुम्ही कोणाच्या साइडने आहात?"

"तुमच्याच."

"मग?"

"कॉर्नर त्यांचा होता, रॉनी."

त्याने हातमोजे काढून जमिनीवर टाकले आणि निघून गेला. घरी आल्यावर मी आजोबांचे पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि म्हटलं, "दोन मिनिटं गुडघा दुखला असता तर काय बिघडलं असतं? एरवी दुखतोच ना?" ते म्हणाले, "दुखत होता गं." एवढंच. पुढे बराच वेळ पाण्यात पाय ठेवून बसले होते, पाणी गार झालं तरी.

पुढच्या मोसमात ते पुन्हा जायला लागले. कुणी अडवलं नाही. लाला तर आठवड्याभरातच "आजो, बॉल!" ओरडायला लागला. रॉनी मात्र नाही. त्याच्या गोलमागे चेंडू गेला की आजोबा पाऊल उचलायच्या आत तो स्वतः कुंपणावर चढायचा. एवढा उंच माणूस, हातमोजे घातलेला, तारेवरून उडी मारून चिखलात उतरायचा आणि चेंडू घेऊन आजोबांच्या अंगावरून परत यायचा. एक शब्द नाही. आजोबा जागचे हलायचे नाहीत. हे रोज. मी एकदा म्हटलं, "दुसऱ्या गोलमागे का नाही उभे राहत?" तर म्हणाले, "त्याला वाटेल मी पळालो."

मग रॉनीचा गुडघा गेला. सरावात, कुणाशी टक्कर नाही, काही नाही, नुसता वळला आणि खाली बसला. शस्त्रक्रिया झाली, पण पूर्वीसारखा गुडघा काही परत आला नाही. आणि त्याच मोसमात, दुसऱ्या गोलकीपरला घेऊन, क्लब वर गेला. उघड्या ट्रकवर मुलं नाचत मार्वे रस्त्याने गेली, सगळा रस्ता हिरव्या गुलालाने माखला. आजोबा फाटकाशी उभे राहून बघत होते. लालाने ट्रकवरून त्यांच्याकडे एक चेंडू फेकला. त्यांनी झेलला आणि लगेच परत फेकला.

क्लब मोठ्या स्टेडियमवर गेला. तिथे चेंडू आणायला गणवेशातली मुलं असतात आणि मैदानाभोवती जागोजागी चेंडू ठेवलेले असतात. आजोबा एकदा बघायला गेले. परत येऊन म्हणाले, "छान आहे. सगळं स्वप्नातल्यासारखं. पण तिथे चेंडू कुठे जातच नाही गं."

त्यानंतर थोड्या दिवसांनी ते मला घेऊन वाकोल्याला गेले. गावठाणातलं बैठं घर, बाहेर क्रूस, क्रुसाला झेंडूचा हार. रॉनीची आई दारातच म्हणाली, "या बसा. बघा जरा याच्याकडे, घरात बसून बसून माझं डोकं खातो." रॉनी खुर्चीवर पाय लांब करून बसला होता. उठला नाही, त्याला उठताही येत नव्हतं. आजोबांनी मोसंबी त्याच्या आईच्या हातात दिली आणि उभ्यानेच बोलले.

"त्या दिवसाबद्दल सांगायचं होतं."

"सोडा ना आजोबा."

"नाही सोडत. पुन्हा तसा चेंडू गेला तर मी तसाच आणून देईन. माफी मागायला आलो नाही. पण तू त्या वर्षी वर खेळला असतास, गुडघा चांगला होता तेव्हा. मी चेंडू दिला आणि किंमत तू दिलीस. ते मला कळतं. एवढंच सांगायला आलो."

रॉनीने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "लय डेंजर माणूस आहात यार तुम्ही." आणि आईकडे वळून ओरडला, "मम्मी, खुर्ची दे ना त्यांना, पडतील!"

मुलांनो, याला माफी म्हणत नाहीत, हे मला समजतं. आजोबांनाही समजत होतं. त्यांच्या मनातून ती गोष्ट कधी गेली नाही. कधी कधी जेवताना घास हातात ठेवून थांबायचे आणि म्हणायचे, "रॉनीची उंची बघ. वरच्या विभागात काय शोभला असता." मी त्यांना बरोबर किंवा चूक असं काही म्हटलं नाही. चेंडू ज्याचा होता त्याला दिला यात चूक कुठे शोधायची? आणि रॉनीचं एक वर्ष गेलं ते कुठे शोधायचं?

क्लबने आपलं जुनं मैदान लहान मुलामुलींच्या फुटबॉल शाळेसाठी ठेवलं आणि शिकवायला रॉनीला नेमलं. आजोबा पुन्हा गोलमागे जाऊन उभे राहिले. पहिल्या सकाळी चेंडू कुंपणापलीकडे गेला तेव्हा रॉनी स्वतः गेला नाही, जाऊ शकतही नव्हता. मग तो मागे न बघता म्हणाला, "आजोबा, बॉल." त्यानंतरची वर्षं फार सुंदर गेली. एक लंगडत ओरडायचा, दुसरा वाकून आणायचा, आणि दोघांची दिवसभर भांडणं. "मुलांना जरा गेम शिकवू द्या मला!" "मी कुठे अडवलं?"

काल सकाळी मी मैदानावर गेले. धुकं होतं. मुलांचा आपापसात सामना चालला होता आणि जिंकणाऱ्या बाजूची एक मुलगी चेंडू बाहेर गेल्याबरोबर धावत तारेतून पलीकडे गेली. आली, समोरच्या टीमच्या मुलाच्या हातात चेंडू दिला आणि मगच आपल्या जागेवर पळाली. मी रॉनीला विचारलं, "हे तू शिकवलंस?"

"मी?" तो म्हणाला. "मी तर सांगतो, पुढे असलो की आरामात जा रे. ऐकतंय कोण! आजोबांनी सगळी पोरं बिघडवून ठेवलीत, आजी. एकेकाची वाट लावलीय." बोलता बोलता त्याने तोंड खाडीकडे फिरवलं.

आजोबा आता नाहीत. पण त्या मैदानावरून बाहेर गेलेला चेंडू अजूनही लगेच परत येतो, आणि ज्याचा असेल त्याला मिळतो.