पिंजाऱ्याच्या लेकीच्या उशा

घाटंजीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत टिनाची एक शेड आहे. आत पिंजाईची मशीन चालू असली की बाहेर उभ्या माणसाला ओरडून बोलावं लागतं. मशीनच्या बाजूला सतरंजीवर बसून गझाला गाद्या भरते. नाकातोंडावर रुमाल, भुवयांवर रुईचे तंतू. नव्या गिऱ्हाइकाला आधी वाटतं की ही कोणी म्हातारी आहे. रुमाल काढला की कळतं, बाई अजून चाळिशीचीही नाही.

तिचे वडील गफ्फार पिंजारी. जवानीत खांद्यावर कापूस पिंजायची कमान घेऊन ते गावोगाव फिरायचे, पुढे मशीन घेतली. दोन मुलगे होते, पण त्यांना रुईची ॲलर्जी. निदान ते तसं सांगत. एकाने नेरला मोबाईलचं दुकान टाकलं, दुसरा ट्रकवर गेला. गझाला मात्र दहाव्या वर्षापासून बापाजवळ बसायची. रुई चिमटीत धरून ओढली की धागा लांब की आखूड, ओली की कोरडी, जुनी की यंदाची, हे तिला बोटांनीच कळायचं. लग्न गावातच झालं. नवरा इमरान मेकॅनिक होता आणि त्याचं गॅरेज यवतमाळ रोडवर होतं. लग्नानंतरही ती रोज शेडमध्ये यायची. सासरी कुरकुर झाली, पण इमरान म्हणाला की तिला येतं ते काम तिला करू द्या, आणि विषय संपला.

मग गावात फोम आला. लग्नात पोरीला फोमचीच गादी द्यायची असं लोकांनी ठरवून टाकलं. झिपवालं कव्हर, वरून चकचकीत प्लास्टिकची पिशवी. गफ्फारचाचा बंद मशीनजवळ स्टुलावर बसून पेपर वाचायचे, आणि पेपर संपला की तोच पुन्हा वाचायचे. गझालाला ते बघवत नव्हतं. उरलेल्या रुईच्या तिने छोट्या उशा आणि गोल बैठका करायला घेतल्या. मार्चमध्ये पांढरकवड्याच्या रस्त्याने पळस पेटलेला असतो. त्याची फुलं आणून, उकळून, तुरटी टाकून तिने मांजरपाट रंगवलं. कापडाला हळदीपेक्षा गडद आणि केशरापेक्षा फिकट असा रंग चढला. तिला तो फार आवडला.

पुढच्या जानेवारीत यवतमाळला बचत गटांचं प्रदर्शन होतं. तिथे तिच्या टेबलाशी एक बाई थांबल्या. नागपूरच्या दिपाली मॅडम. ‘रुईरान’ नावाची त्यांची कंपनी होती आणि नव्या घरांसाठी पर्यावरणाला धक्का न लावणाऱ्या देखण्या वस्तू विकायची. बांबूचे दिवे, मातीच्या कुंड्या, तागाचे पडदे. त्यांनी गझालाची बैठक उचलली, गालाला लावली, आणि म्हणाल्या की असंच काहीतरी दोन वर्षं शोधतेय. गझालाला इतकं चांगलं कोणी कधी बोललं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिने तीन जणांना फोन करून तेच वाक्य सांगितलं.

पहिल्या साठ बैठका गेल्या, मग शंभर. मग मॅडम फोटो काढायला घाटंजीत आल्या. सोबत कॅमेरावाला. त्यांनी शेड पाहिली आणि मशीनवर चादर टाकायला सांगितली. फोटोत मशीन नको होती. माळ्यावरची कमान खाली काढली, तिची तात तुटलेली होती, तिथे सुतळी बांधली. गफ्फारचाचांचा टेरिकॉटचा शर्ट काढून शेजाऱ्याचा पांढरा कुर्ता घातला, चष्माही काढून ठेवायला लावला. वीस वर्षांत हातात न घेतलेली कमान धरून, समोरचं काही न दिसता ते बसले. गझाला म्हणाली की मॅडम, आम्ही मशीनवर पिंजतो, तेच दाखवा ना. मॅडम हसून म्हणाल्या की लोकांना हाताचं काम पाहायचं असतं. भरायचं आणि शिवायचं काम हातचंच होतं. मशीन लपवायची कशाला, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही.

त्या दिवशी मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. कापूस देशी हवा. बीटीचा लांब धागा त्यांना चालणार नव्हता. गझालाला ते पटलं, कारण गादीला आखूड, राठ धाग्याचा देशी कापूसच चांगला, तो दबला तरी पुन्हा उठतो. अडचण एवढीच की तालुक्यात आता देशी कापूस लावतो कोण? घाटंजीपासून दोन कोसांवर विमलताई राहायच्या. त्यांच्या सासूने देवाच्या वातींसाठी धुऱ्याला, म्हणजे बांधाकडेला, देशी कापसाची चार तासं, चार ओळी, जपली होती, ती विमलताईंनीही चालू ठेवली होती. गझाला त्यांच्याकडे गेली. यंदा दोन एकर लावा, सगळा मी घेते, असं म्हणाली.

विमलताईंनी तिला चहा दिला आणि विचारलं, “तू घेशील हे पक्कं ना? जिनवाले हा कापूस पाहतही नाहीत.”

“पक्कं, काकू. मॅडमनं मले सोता सांगतलं.”

विठ्ठलराव, म्हणजे विमलताईंचे मालक, तयार नव्हते. विमलताईंनी त्यांना तयार केलं.

पावसाळा लागला तशा तक्रारी सुरू झाल्या. बैठका उन्हाच्या खिडकीत ठेवल्या की रंग उडतो. गझाला म्हणाली की फुलाचा रंग आहे, उन्हात ठेवला तर उडणारच, सावलीत ठेवायला सांगा. मग तक्रार आली की दोन बैठकांचा रंग सारखा नाही. पळसाच्या दोन झाडांचा रंग सारखा नसतो, तर बैठकांचा कुठून आणणार? एकीने बैठक वॉशिंग मशीनमध्ये टाकली आणि आत गोळे झाले. कोणाला कापडातून सरकीचा तुकडा टोचला. प्रत्येक वेळी मॅडम व्हिडिओ कॉल करायच्या आणि गझाला मशीन थांबवून, हात पुसून फोन धरायची. गादी धुवायची नसते, उन्हात टाकायची असते, तीनचार वर्षांनी पुन्हा पिंजून घ्यायची असते, हे तिने किती वेळा सांगितलं त्याला सुमार नाही. एकदा ती वैतागून इमरानला म्हणाली की ह्या लोकांना झाडावरचं पाहिजे आणि ते प्लास्टिकसारखं वागलंही पाहिजे.

दसऱ्यानंतर ऑर्डरी थांबल्या. सीझन डाऊन आहे, थोडं थांबा, असा मेसेज आला. मग मेसेजही येईनात. फोन वाजत राहायचा, कोणी उचलायचं नाही. नोव्हेंबरात विमलताईंची वेचणी सुरू झाली आणि पहिली गाडी शेडसमोर येऊन उभी राहिली. दुसरी आली, तिसरी आली. शेडच्या टिनापर्यंत कापूस चढला, गफ्फारचाचांचा स्टूल बाहेर गल्लीत आला. अजून निम्मा कापूस शेतात होता. विमलताई रोज फोन करायच्या, आवाज चढवायच्या नाहीत, नुसतं विचारायच्या. गझालाला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. शिव्या घातल्या असत्या तर तिलाही दोन शब्द बोलता आले असते.

डिसेंबरच्या एका सकाळी ती नागपूरच्या बसमध्ये बसली. घरी फक्त इमरानला सांगितलं.

रुईरानचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. काचेचं दार, आत मंद उजेड, मोगऱ्यासारखा काहीतरी वास. मधोमध लाकडी फळीवर बैठका रचलेल्या होत्या, पाच थर, पळसाच्याच रंगाच्या. गझाला पाहतच राहिली. तिला आधी बरं वाटलं, कारण वाटलं की आपलाच जुना माल आहे, खपतोय. मग तिच्या लक्षात आलं की रंग सगळ्यांचा सारखा आहे, अगदी सारखा. तिने एक बैठक हातात घेतली. ती पक्ष्यासारखी हलकी होती. अंगठ्याने दाबली, तर अंगठा आत गेला आणि लगेच बाहेर फेकला गेला. आत रुई नव्हती.

बैठकीच्या कडेला सुतळीने एक जाड कागदी पट्टी बांधली होती. पट्टीवर गफ्फारचाचा बसलेले, पांढऱ्या कुर्त्यात, हातात कमान, नजर कुठेतरी भलतीकडे. खाली छापलं होतं की घाटंजीचे कारागीर तीन पिढ्यांपासून हे हाताने घडवतात.

काऊंटरवरच्या पोरीला तिने सांगितलं की मॅडमला बोलवा, घाटंजीची गझाला आली म्हणून. दिपाली मॅडम आतून आल्या. घाबरल्या वगैरे नाहीत. गझालाताई, या, बसा, पाणी घ्या, असं सगळं बोलल्या. गझाला बसली नाही.

“मॅडम, हे माह्या हातचं नाही.”

मॅडम म्हणाल्या की हो, हे पानिपतहून येतं, जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून त्याचा तंतू करतात. कचरा कमी होतो, म्हणजे हेही पर्यावरणाचंच काम आहे. धुता येतं, रंग जात नाही, गिऱ्हाइकांची कटकट नाही. शिवाय कापसाला पाणी किती लागतं, हे तुम्हाला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं.

गझालाला एकदम विमलताईंचं शेत आठवलं. तिथे ना कॅनॉल ना विहिरीची मोटर. वरून पडेल तेवढंच पाणी. तिला हे नीट मांडून सांगायचं होतं, देशी कापसाचं मूळ किती खोल जातं ते, दोन एकर कोणाच्या शब्दावर लागले ते. पण बोलायला गेली तर शब्द एकमेकांत अडकले.

“बाटल्या विका नाहीतर काहीही विका,” ती शेवटी म्हणाली. “माह्या बापाचा फोटो काहून लावला त्याच्यावर? त्यानं जन्मात बाटल्या नाही पिंजल्या.”

“ती आपल्या ब्रँडची गोष्ट आहे, गझालाताई. सुरुवात तुमच्यापासूनच झाली ना? पुढच्या छपाईत बदलून घेऊ.”

गझालाच्या पिशवीत कामाची कात्री होती, ती नेहमीच असते. तिने ती काढली आणि फळीजवळ उभी राहून एकेका बैठकीची पट्टी कापायला सुरुवात केली. काऊंटरवरची पोर पुढे आली, मॅडमनी तिला हातानेच थांबवलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि मॅडमना तमाशा नको होता. कात्रीचा कचकच आवाज तेवढा येत राहिला. गिऱ्हाइकांतली एक बाई जवळ आली, काय झालं म्हणून विचारलं. गझालाने सगळं सांगितलं. ह्या वेळी तिला बऱ्यापैकी सांगता आलं. बाईने ऐकून घेतलं, फार वाईट झालं असं म्हणाली. मग हातातली बैठक दाबून पाहत तिने काऊंटरवरच्या पोरीला विचारलं की ही मशीनमध्ये धुता येते ना नक्की? आणि दोन घेतल्या.

गझालाने चाळीसेक पट्ट्या पिशवीत भरल्या आणि ती बाहेर पडली.

गावात परत आल्यावर आणखी एक गोष्ट झाली, ती तिने कोणाला फारशी सांगितली नाही. पिशवी उलटी करून तिने पट्ट्या बापासमोर टाकल्या आणि सगळी हकीकत सांगितली. तिला वाटलं होतं, अब्बा भडकतील. गफ्फारचाचांनी चष्मा लावून एक पट्टी बराच वेळ पाहिली. फोटो चांगला आलाय, म्हणाले. नागपूरच्या दुकानात होता का? खरंच? त्यांनी दोन पट्ट्या खिशात ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्या दाखवून आले. नेरच्या भावाने कंपनीच्या वेबसाईटवरचा तोच फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली सगळ्यांनी माशाअल्लाह लिहिलं. गझालाने फोन पालथा ठेवला. कोणावर चिडावं हेच तिला कळेना. बाप तर खूश होता, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा होता.

कंपनीकडून पुढे काहीच आलं नाही. तिचा नंबर ब्लॉक झाला. इमरानने ओळखीच्या वकिलाकडून नोटीस पाठवली, त्यावर दोन महिन्यांनी वेबसाईटवरचा फोटो निघाला. पट्ट्या निघाल्या की नाहीत, ते पाहायला पुन्हा नागपूरला जायची तिची इच्छा नव्हती.

कापसाचं मात्र तिला काहीतरी करावंच लागणार होतं. तिने सरकी काढून, रुई पिंजून साध्या गाद्या भरल्या. इमरानच्या मालवाहू ऑटोमध्ये टाकून, शेजारी बसून ती आठवडी बाजार फिरली. पारवा, शिवणी, पांढरकवडा. लोक गादी दाबून पाहायचे, चांगली आहे म्हणायचे आणि फोमची चौकशी करायचे. कंबर दुखणारी म्हातारी माणसं तेवढी घेऊन जायची, डॉक्टरने कडक गादीवर झोपायला सांगितलेली. असं करत करत उन्हाळ्यापर्यंत शेड रिकामी झाली. विमलताईंच्या शेतातला उरलेला कापूस तोवर पावसाने काळा पडला होता, अवकाळीच्या एकाच सरीत.

मेअखेर रोहिण्या निघाल्या तेव्हा गझाला विमलताईंकडे गेली. सोबत तिने निवडून ठेवलेली देशी सरकी होती, पाच किलो. यंदा अर्धा एकरच लावा, म्हणाली, कंपनीचं नाव नाही, माझ्या गाद्यांपुरता. विमलताईंनी तिला बसायला खाट दिली, चहा दिला. पोराबाळांची चौकशी केली. मग म्हणाल्या, “गझाला, तुह्यावर राग नाही माहा. पण यंदा धुऱ्यापर्यंत सोयाबीन पेरून राह्यलो आम्ही.”

“अन् वातीची तासं, काकू?”

“ते पण नाही. वाती आता बाजारात मिळतात, पाकिटात.”

पुढच्या साली पाहू, असंही त्या म्हणाल्या. गझालाने मान डोलावली, चहा संपवला आणि सरकीची पिशवी उचलली. वाटेत आणखी दोन घरी विचारलं. एका घरी हसले, दुसऱ्या घरी पाहतो म्हणाले. तिसऱ्या घरी जायचं होतं, पण तीनची बस चुकली असती, आणि दोन गाद्यांचं शिवण अजून बाकी होतं.