सेगवेवरून नमस्कार

जळगावच्या तलावाकाठच्या बागेत सेगवेवरून, म्हणजे दोन चाकांवर उभं राहून चालवायच्या गाडीवरून, सहल घडवणारा एक गाइड आहे. पाण्याची टाकीसुद्धा तो ताजमहालाच्या थाटात दाखवतो. पुढे वाकलं की गाडी पळते, हे तो मला दर रविवारी बजावतो आणि मी दर रविवारी "माहितीये रे" म्हणतो. परवा बाकावर फैजपूरचे सासरे दिसले. संस्कारी जावई असल्याने मी गाडीवरूनच त्यांच्या पाया पडायला वाकलो. गाडी थेट त्यांच्या गुडघ्यांवर सुटली. गाइडने मध्ये उडी घेतली, नडगी फोडून घेतली आणि वर म्हणाला, "आबा, जवाईनी चूक नही. बठ्ठी चूक मन्ही शे." म्हणजे सगळी चूक म्हणे त्याचीच.

सासऱ्यांची नजर माझ्यावरून त्याच्याकडे वळली. मग मीही त्याला चांगलंच झापलं. तो नडगी चोळत "हा भाऊ, हा भाऊ" म्हणत राहिला.